फुंकलेल्या काचेचा पहिला पेला: गोळा उचलण्यापासून किल्न उघडेपर्यंत

नवशिक्याचा पेला बहुतेक वेळा फुटतो तो पंटीवर (तळाला तात्पुरती चिकटवायच्या सळईवर) घेताना, नाहीतर दुसऱ्या दिवशी किल्न (तयार वस्तू हळूहळू निववायची भट्टी) उघडल्यावर. त्यामुळे सगळं लक्ष त्या दोन क्षणांवर जातं. पंटी आणखी तापवली जाते, किल्न आणखी दोन तास चालू ठेवली जाते, आणि पेला पुन्हा फुटतो. कारण चूक सात-आठ मिनिटं आधीच होऊन गेलेली असते. मान (पेला पाइपला जोडलेला असतो तो अरुंद भाग) जाड राहिलेली असते, तळ मऊ असतानाच पंटी टेकवलेली असते, किंवा शेवटची आच सगळीकडे सारखी पोहोचलेली नसते. फुंक मारणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. कुठला भाग आत्ता किती गरम आहे, हे नुसत्या नजरेनं आणि हाताला लागणाऱ्या वजनानं ओळखणं अवघड.

स्टुडिओत चार-पाच वेळा पाइप (काच फुंकायची पोकळ लोखंडी नळी) हातात धरलेला आहे आणि सोबत एक जाणता जोडीदार आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. एकट्यानं, घरच्या बर्नरवर हे काम होत नाही. लक्ष्य साधं ठेवू: नऊ-दहा सेंटिमीटर उंचीचा, सरळ भिंतींचा, बिनरंगी पेला.

## तयारी: पाइप उचलण्याआधी

### १. किल्न सगळ्यात आधी

स्टुडिओत तीन भट्ट्या असतात. फर्नेसमध्ये वितळलेली काच असते, काम करताना साधारण ११०० ते ११५० अंश सेल्सिअसवर. ग्लोरी होल ही समोरून उघडी भट्टी, हातातली वस्तू पुन्हा पुन्हा तापवण्यासाठी. तिसरी किल्न, जिच्यात तयार वस्तू हळूहळू निववली जाते. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या सोडा-लाइम काचेसाठी ती ४८० ते ५१० अंशांच्या दरम्यान धरून ठेवलेली असते. नेमका आकडा काच बनवणारा देतो, तोच पाळायचा.

पहिल्या दोन भट्ट्या डोळ्यांसमोर धगधगत असतात, त्या कुणी विसरत नाही. किल्न मात्र कोपऱ्यात गप्प बसलेली असते. शिकत असताना एकदा मी किल्नचं बटण दाबलं, पण प्रोग्रॅम सुरूच केला नाही. पेला तयार झाल्यावर जोडीदारानं दार उघडलं, तर आकडा १९० वर. किल्न तापेपर्यंत पेला ग्लोरी होलपुढे आत-बाहेर करत बसलो. तो आधी लंबगोल झाला, मग वाटीसारखा पसरला, शेवटी पंटीवरून सुटून फरशीवर गेला.

तपासा: पाइप तापायला लावण्याआधी किल्नचा आकडा डोळ्यांनी पाहा. आत जागा कुठे आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं आणि ते कोण उघडणार, हेही आत्ताच ठरवा.

### २. काच एकाच जातीची

काचेवर लिहिलेला ९६ किंवा १०४ हा आकडा दर्जाचा नसतो, प्रसरणाचा असतो. ९६ म्हणजे दर अंशाला लांबीच्या एक कोटीव्या भागाच्या ९६ पट वाढ. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ९६ आणि १०४ एकत्र आल्या की थंड होताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि जोडावर तडा जातो. कधी तासाभरात, कधी महिन्याभरानं. फुटक्या बाटल्या फर्नेसमध्ये टाकून त्यावर स्टुडिओचा रंग चढवायची हौस बऱ्याच जणांना असते. बाटलीची काच त्या रंगांशी जुळत नाही. पहिल्या पेल्याला रंगच नको.

### ३. बाक मांडणं

उजव्या हातानं काम करत असाल तर डावा हात बाकाच्या दोन दांड्यांवर पाइप पुढेमागे लोळवतो आणि उजवा हात हत्यारं धरतो. म्हणजे सगळी हत्यारं उजवीकडे, आणि ज्या क्रमानं लागणार त्याच क्रमानं: लाकडी ब्लॉक, ओला कागद, जॅक्स (दोन लांब पात्यांचं, मोठ्या चिमट्यासारखं हत्यार), सपाट लाकडी पॅडल, कात्री, चिमटा. जॅक्सच्या पात्यांना मेण लावून ठेवा, कोरडी पाती काचेवर खरडतात.

ब्लॉक म्हणजे वाटीसारखा खोलगट कोरलेला लाकडी ठोकळा. तो कायम पाण्यातच ठेवायचा. वापरताना एकदा झटकून घ्या. ओल्या लाकडातून उठणाऱ्या वाफेच्या पातळ थरावर काच तरंगत फिरते. ब्लॉक कोरडा असेल तर लाकूड जळून खड्डा पडतो, आणि पाणी निथळत असेल तर काचेचा पृष्ठभाग एकदम निवतो.

कागद म्हणजे साधं वर्तमानपत्र. गुळगुळीत, चकचकीत पुरवण्या चालत नाहीत. सात-आठ पानांची तळहाताएवढी घट्ट घडी घाला, पूर्ण भिजवा, दाबून जास्तीचं पाणी काढा. मग तिच्यावर गरम काच एकदा फिरवून वरचा थर काळा करून घ्या. कोऱ्या कागदाच्या कडा काचेला चिकटतात, जळलेल्या चिकटत नाहीत. हाताला गरम लागायला लागलं की घडीत पाणी कमी झालंय.

### ४. कपडे आणि डोळे

अंगावर सुती कपडे, पायात बंद बूट. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

चष्म्याबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. टेबलावरच्या ज्योतीवर काम करणारे जांभळट डिडिमियम चष्मा वापरतात. तो ५८९ नॅनोमीटरचा पिवळा सोडियम-झगमगाट कापतो, त्यामुळे ज्योतीतली काच नीट दिसते. पण फर्नेसमधून येणारे अवरक्त किरण तो फारसे अडवत नाही. काचभट्टीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना होणारा मोतीबिंदू वैद्यकात वेगळ्या नावानं नोंदला गेला आहे, तो याच किरणांमुळे. फर्नेससाठी अवरक्त किरण अडवणारा चष्मा वेगळा घ्या.

### ५. कोरडी तालीम

थंड पाइप घेऊन सगळं एकदा चालून पाहा: फर्नेस, मार्व्हर (म्हणजे काच लोळवायचं सपाट पोलादी टेबल), बाक, ग्लोरी होल, किल्न. पाइप सारखा फिरत राहिला पाहिजे. दार उघडताना, वळताना, जोडीदाराशी बोलतानासुद्धा. लोक नेमके बोलताना थांबतात. जोडीदाराशी शब्दही ठरवून घ्या: ‘फुंक’, ‘थांब’, ‘दार’, ‘पंटी आण’. ऐनवेळी ‘अरे, ते जरा...’ म्हणून काही होत नाही.

## टप्पा १: पहिला गोळा

पाइपचं टोक तापवायच्या जागेवर ठेवून मंद लाल होऊ द्या. थंड लोखंडाला काच धरत नाही, थोड्या वेळानं टोपीसारखी सुटून येते. उलट पाइप पांढराफटक तापवला तर काच त्यावरून घसरत राहते. सावलीत धरल्यावर लाली जेमतेम दिसावी, एवढं पुरे.

फर्नेसच्या दारात पाइप तिरपा धरून टोक काचेच्या पृष्ठभागाखाली दोनेक सेंटिमीटर बुडवा, दोन-तीन फेरे फिरवा आणि फिरवतच वर उचला. मागे येणारी तार पृष्ठभागावरच तुटू द्या. नवशिके पाइप खोल खुपसतात, आणि पाइपवर वर चढलेली ती काच नंतर मान करताना आडवी येते.

बाहेर आल्यावर पाइप आडवा करा. काच या वेळी दाट मधासारखी असते, जिकडे खाली तिकडे ओघळते. फिरवण्याचा वेग काचेनं ठरवावा: ती लोंबत असेल तर थोडा जास्त, स्थिर असेल तर सावकाश. घाबरून गरागरा फिरवलं तर गोळा बाहेरच्या बाजूला फेकला जातो.

तपासा: पाइप डोळ्यांच्या रेषेत धरून फिरवा. गोळ्याचं टोक हवेत वर्तुळ काढत असेल तर तो मध्यावर नाही. आत्ताच दुरुस्त करा. पुढे यावर जितकी काच चढेल तितका तिरपेपणा वाढेल.

## टप्पा २: पहिला बुडबुडा

मार्व्हरवर गोळा लोळवून लांबट करा, टोकही हलकेच टेकवा. पोलाद वरची कातडी निववतं, आतला भाग गरमच राहतो. आता तोंडानं एक छोटी फुंक मारा आणि लगेच अंगठ्यानं पाइपचं तोंड बंद करा. अडकलेली हवा तापून फुगते आणि क्षणभरानं टोकाशी बुडबुडा उमलताना दिसतो. गाल फुगवून जोर लावायची वेळ आली तर काच थंड झाली आहे. पुन्हा तापवा. दोनदा तापवूनही बुडबुडा येत नसेल तर पाइपचं भोक बुजलंय. तो गोळा टाकून द्या आणि नवा पाइप घ्या.

बुडबुडा छोटा ठेवा, त्याच्या पुढे बोटाच्या जाडीएवढी भरीव काच राहू द्या. पेल्याचा तळ त्यातूनच होणार आहे. बुडबुडा नीट दिसला की आणखी फुंकायचा मोह होतो, आणि पातळ झालेला हा फुगा पुढच्या गोळ्यात सुरकुततो.

सावध: पाइपमधून हवा कधीही आत ओढू नका. श्वास नाकानं घ्यायचा, तोंड पाइपवर नसताना.

## टप्पा ३: दुसरा गोळा

इथे घाई नडते. पहिला बुडबुडा केशरी असतानाच फर्नेसमध्ये घातला तर आतल्या उष्णतेनं तो मऊ होऊन एका बाजूला सरकतो, आणि पेल्याची एक भिंत कागदासारखी पातळ तर दुसरी जाड होते. फिरवत थांबा. केशरी रंग विझून काच जवळजवळ बिनरंगी दिसेपर्यंत. जास्त थांबलात तर ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो आणि तडा गेलेला दिसतो. हे अंतर पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत चुकतंच.

दुसऱ्या वेळी पाइप जास्त उभा धरा. आधीची काच पूर्ण झाकून नवी काच पाइपवर जेमतेम टेकेल इतकंच बुडवा. बाहेर आल्यावर थेट बाकावर, ब्लॉकमध्ये. ब्लॉक काचेखाली धरायचा, दाबायचा नाही. मग ओला कागद तळहातावर घेऊन त्यावर आकार द्या, आणि जोडीदाराला हळू फुंकायला सांगा. जळक्या कागदाचा वास आणि हाताखालून उठणारी वाफ यांची सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला हात आपोआप मागे येतो, तेवढ्यात काच लोंबते.

## टप्पा ४: मान आणि तळ

पेला पुढे पाइपवरून सुटणार तो मानेपाशी. जॅक्सच्या पात्यांनी, पाइपच्या टोकापासून सेंटिमीटरभर पुढे, काचेवर रेघ पाडत अरुंद करत जा. क्रम महत्त्वाचा: आधी मान, मग तळ. काच सगळीकडे गरम असताना मान घट्ट आवळली तर तळ पिळवटतो, म्हणून मान दोन-तीन आचांमध्ये, थोडी थोडी करा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रेघ काचेवर न पाडता पाइपच्या टोकावरच पाडणं. मग पेला सुटताना तडा मानेवरून न जाता खांद्यावरून भिंतीत उतरतो. मान संपूर्ण वस्तूत सगळ्यात बारीक हवी, जवळपास पाइपच्या जाडीइतकी.

मग तळ. फक्त पुढचा भाग तापवा, पॅडल टेकवून सपाट करा आणि मध्यभाग किंचित आत ढकला, म्हणजे पंटीचा डाग टेबलावर टेकणार नाही. तळ करताना मान विसरू नका, ती दर आचेला क्षणभर तरी ग्लोरी होलमध्ये गेली पाहिजे. मान निवली तर पेला कुणी हात न लावताच खाली पडतो.

तपासा: पंटी मागवण्याआधी तीन गोष्टी. रेघ सगळीकडे सारखी खोल आहे का? पॅडल काढल्यावर तळ हलत नाही ना? पेला पाइपच्या रेषेत आहे का?

## टप्पा ५: पंटीवर घेणं

पंटी म्हणजे भरीव सळई, टोकाला थोडीशी काच घेतलेली. ती पेल्याच्या तळाला तात्पुरती चिकटवायची, पेला पाइपवरून सोडायचा आणि उघडी बाजू कामाला घ्यायची. पुढची दहा मिनिटं टिकेल आणि शेवटी एका टिचकीनं सुटेल, इतकाच घट्ट जोड हवा.

१. जोडीदार पंटीवर लहान गोळा घेतो, मार्व्हरवर बोथट टोक करतो आणि निववतो. टोकावर कात्रीनं फुलीसारख्या खाचा पाडल्या तर पूर्ण पृष्ठभाग न चिकटता चार ठिपकेच चिकटतात. मी नवशिक्यांना हेच करायला लावतो.

२. पेल्याचा तळ घट्ट झालेला हवा. तळही मऊ आणि पंटीही मऊ असेल तर दोन्ही एकजीव होतात, आणि शेवटी पंटी तळाचा तुकडा घेऊनच निघते. पेला पडू नये म्हणून पंटी जास्त तापवणारे याच खड्ड्यात पडतात. एक बाजू घट्ट, दुसरीच्या फक्त टोकाला ऊब, एवढं पुरेसं आहे.

३. पंटीचं टोक दोन-तीन सेकंद आचेत धरून लगेच तळाच्या मध्यावर टेकवा. मध्य चिमट्यानं दाखवायचा, अंदाजानं नाही. टेकवल्यावर दोन्ही सळया एका रेषेत आहेत का पाहा. दुरुस्तीला पहिले तीन-चार सेकंदच मिळतात, नंतर जोड घट्ट होतो.

४. आता थांबा. मनात आठपर्यंत मोजा.

५. चिमटा किंवा कानस पाण्यात बुडवून मानेच्या रेघेवर दोन-तीन थेंब सोडा. बारीक तडतड ऐकू येते. मग रेघेच्या वरच्या बाजूला, पाइपवर, लाकडानं हलकीशी टिचकी. रेघ नीट असेल तर पेला सफाईनं सुटतो.

सुटला नाही तर जोरात मारू नका. पाणी पुन्हा लावा. दुसऱ्या टिचकीलाही सुटला नाही तर मान जाड आहे. मग जोरात मारलं की पंटीचाच जोड आधी तुटणार.

सुटल्याबरोबर पेला ग्लोरी होलकडे, पण एकदम खोल नाही. तोंडाची कड फुटक्या काचेची असते, अचानक आच लागली तर तडकते. दोनदा आत-बाहेर करा, मग नीट तापवा. पंटीचा जोड आचेबाहेर राहू द्या.

## टप्पा ६: तोंड उघडणं

फक्त वरचा तृतीयांश भाग मऊ करायचा. जॅक्सची पाती बंद करून आत घाला आणि पंटी फिरवत सैल सोडा. पाती ताणून तोंड उघडायचं नाही, काचेलाच त्यांच्यावरून फिरू द्यायचं. एका आचेत सगळं उघडायला गेलात तर कड बाहेर वळून फुलासारखी होते. दोन-तीन आचा घ्या. मध्ये मध्ये पंटी उभी धरून वरून तोंड गोल आहे का ते पाहा.

या सगळ्यात खालचा भाग निवत असतो, म्हणून वीस-पंचवीस सेकंदांनी एकदा पूर्ण पेला क्षणभर आचेत फिरवून आणायचा.

## टप्पा ७: शेवटची आच आणि किल्न

ही पायरी सगळे गाळतात. आकार मनासारखा झाला की लोक थेट किल्नकडे धावतात. तोपर्यंत कड आठशे अंशांच्या आसपास आणि तळ पाचशेच्या जवळ, अशी अवस्था असू शकते. म्हणून शेवटी आकाराला हात न लावता पूर्ण पेला दोनदा आचेतून फिरवा, आणि केशरी छटा जाऊन कड हलायची थांबेपर्यंत फिरवत राहा.

मग पंटीच्या जोडावर ओली कानस टेकवायची, सळईवर टिचकी मारायची, आणि पेला जोडीदाराच्या उष्णतारोधक हातमोज्यांत. तळाच्या डागावर गॅस-टॉर्चची ज्योत फिरवून धार मोडा आणि लगेच किल्नमध्ये ठेवा. दार उघडं राहील तितका वेळ आधी ठेवलेल्या वस्तूही निवत असतात. एका वेळी एकच वस्तू ठेवायची आणि दार लावायचं.

## टप्पा ८: निववणं

काचेच्या आतला ताण दिसत नाही, आणि बरेच अपघात त्यातूनच होतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला ओढतो. बोलोन्या बाटली नावाचा प्रयोगशाळेतला नमुना असतो: जाड भिंतींची, मुद्दाम न निववलेली बाटली. बाहेरून तिनं खिळा ठोकता येतो, पण आत कठीण दगडाचा कण टाकून ओरखडा पडला की ती फुटून पडते. घाईत निववलेला पेलाही याच जातीचा. महिनाभर छान वाटतो आणि धुताना हातात फुटतो.

वेळ ठरवते ती सगळ्यात जाड जागा. पेल्याची भिंत तीन मिलिमीटर असली तरी तळ आठ किंवा दहा असेल, तर हिशोब तळाचा. जाडी दुप्पट झाली की निववण्याचा वेग जवळपास चौथाईवर आणावा लागतो. सपाट सारख्या जाडीच्या १२ मिलिमीटर काचेला ठरलेल्या तापमानावर दोन तास धरून पहिल्या टप्प्यात ताशी ५५ अंशांनी उतरवणं चालतं. तीच काच २५ मिलिमीटर असेल तर चार तास आणि ताशी १५ अंश. पहिला पेला तळाशी जाड होणारच, म्हणून १२ मिलिमीटरचा प्रोग्रॅम लावा. ३७० अंशांखाली वेग वाढवता येतो.

तपासा: किल्नच्या पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो. दाराजवळ किंवा तळाशी तापमान कमी असू शकतं. वस्तू वारंवार एकाच कोपऱ्यात तडकत असतील तर दोष तुमच्या हातात नाही, त्या कोपऱ्यात आहे.

आतली वस्तू हाताला कोमट लागेल इतकी उतरेपर्यंत दार उघडू नका. ‘फक्त बघतो’ म्हणून दीडशे अंशांवर उघडलेल्या किल्नमध्ये मी माझ्याच तीन वस्तू घालवल्या आहेत.

ताण उरलाय का, हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, डोळ्यांवर पोलरॉइड गॉगल लावा आणि पडदा काळा दिसेपर्यंत डोकं तिरकं करा. आता पेला मध्ये धरा. काळ्या पार्श्वभूमीवर तळापाशी किंवा कडेपाशी उजळ पट्टे, रंगीत ढग दिसले तर तिथे ताण आहे. असा पेला पुन्हा किल्नमध्ये घालून हळू तापवा आणि पुन्हा निववा.

## टप्पा ९: थंड काम

पंटीचा डाग सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीवर घासून काढायचा: २२०, ४००, ६००, मग सेरियम ऑक्साइडनं चकाकी. पाणी कायम चालू ठेवा. कोरड्या काचेची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. एक दर्जा संपल्यावर पेला आणि हात दोन्ही धुवा. २२० चा एक कण ६०० मध्ये आला की चकाकीच्या वेळी ओरखडा दिसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिले तीन-चार पेले जपून ठेवण्यापेक्षा पाण्याखालच्या डायमंड करवतीनं उभे मधोमध कापा. एका बाजूची भिंत दोन मिलिमीटर आणि समोरची पाच दिसली, तर बुडबुडा दुसऱ्या गोळ्यात सरकला होता. तळ पंधरा असेल तर पहिल्या बुडबुड्यापुढे काच जास्त राहिली. कडेला काच फुगीर असेल तर तोंड एकाच आचेत उघडलंय. जाड्या मोजून त्या त्या तारखेला वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी पाइप तापायला लावण्याआधी ते पान उघडा.